७२ केल्विनवरून ४२वर: माझ्या हायड्रोजन रिसीव्हरचा अनुभव

आकाशगंगेतल्या हायड्रोजनचे १४२० मेगाहर्ट्झचे संकेत टिपणारा रिसीव्हर बांधताना माझा सर्वाधिक वेळ गेला तो नॉइज, म्हणजे रिसीव्हर स्वतः संकेतात मिसळतो ती खरखर, मोजण्यात. हा नॉइज केल्विनमध्ये, म्हणजे तापमानाच्या एककात, सांगतात; आकडा जितका कमी तितका रिसीव्हर चांगला.

रीत जुनी आणि भरवशाची आहे. इनपुटला अँटेनाऐवजी ५० ओहमचा लोड, म्हणजे एक रेझिस्टर, जोडायचा. आधी खोलीच्या तापमानाला, म्हणजे साधारण २९५ केल्विनला, मग द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून, ७७ केल्विनला. दोन्ही वेळच्या आउटपुट पॉवरच्या गुणोत्तरावरून रिसीव्हरचं नॉइज तापमान निघतं. पण हे काम फार नाजूक. रिसीव्हर ४० केल्विनचा असेल, तर गुणोत्तरात ०.१ डेसिबलचा फरक पडला की उत्तर चार केल्विननी सरकतं. म्हणून लोडपर्यंतच्या केबलचा लॉस, म्हणजे तिच्यात वाया जाणारी पॉवर, हिशेबात धरला आणि अँप्लिफायर तापून स्थिरावेपर्यंत एकही आकडा टिपला नाही.

सुटे भाग जोडून मोजलं तेव्हा आले ७२. नुसता अँप्लिफायर मात्र ४०चा! वरचे ३२ आले होते त्याच्या आधीच्या केबल आणि (नको त्या फ्रिक्वेन्सी अडवणाऱ्या) फिल्टरमधून. दोघांचा मिळून लॉस जेमतेम ०.४ डेसिबल, पण पहिल्या ट्रान्झिस्टरच्या आधी असल्याने तो स्वतःचे २८ केल्विन घालतो, शिवाय अँप्लिफायरचा नॉइजही वाढवून दाखवतो. पुढच्या टप्प्यांचा नॉइज पहिल्या टप्प्याच्या गेनने, म्हणजे तो संकेत जितक्या पट वाढवतो त्याने, भागला जातो, तिथे एवढी चिंता नसते. म्हणून सगळं एका बोर्डवर, एका डबीत घेतलं: इनपुट कनेक्टरला लागूनच पहिला ट्रान्झिस्टर, फिल्टर त्याच्यानंतर. जवळच्या मोबाइल टॉवरने असा, आधी फिल्टर नसलेला, उघडा ट्रान्झिस्टर सॅच्युरेट होऊ शकतो, म्हणजे जोरदार संकेताने दबून जाऊ शकतो. जागा शांत असेल तर हा धोका पत्करावा, असं माझं ठाम मत आहे.

खरी परीक्षा झाकणाने घेतली. ते उघडं असताना सगळं ठीक, लावलं की नॉइज भडकायचा. स्पेक्ट्रम अॅनालायझरवर २ गिगाहर्ट्झच्या वर एक उंच सुळका दिसला आणि उलगडा झाला. डबीची आतली रुंदी ७५ मिलिमीटर. एवढ्या रुंदीची बंद डबी वेव्हगाइडसारखी, म्हणजे रेडिओलहरी वाहून नेणाऱ्या पोकळ नळीसारखी, वागते आणि २ गिगाहर्ट्झच्या वरच्या लाटा आउटपुटकडून इनपुटकडे पोचवते. ट्रान्झिस्टरला तिथेही भरपूर गेन असतो, त्यामुळे ऑसिलेशन सुरू, म्हणजे अँप्लिफायर स्वतःच संकेत निर्माण करू लागतो. मग आत लांबीच्या दिशेने धातूच्या भिंती घालून २५ मिलिमीटरच्या गल्ल्या केल्या. लाटा जिथून पुढे जाऊ शकतात ती २ गिगाहर्ट्झची मर्यादा ६ गिगाहर्ट्झवर गेली. झाकणाला आतून लहरी शोषणारा अॅब्सॉर्बरही चिकटवला. सुळका गेला.

झाकण लावून आले ४२. जमिनीकडून आणि आकाशाकडून येणारे साधारण २८ धरले, तर एकूण १००चे ७० झाले. निरीक्षणाला लागणारा वेळ या आकड्याच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणजे तीच संवेदनशीलता आता निम्म्या वेळात मिळते. अँप्लिफायर क्रायोजेनिक केला, म्हणजे अतिथंड ठेवला, तर तो काही केल्विनवर येईल, पण ते २८ तसेच राहतील. त्यामुळे आता आधी फीड, म्हणजे डिशसमोरचा लहरी गोळा करणारा भाग, हातात घेतोय, जमिनीकडून येणारा वाटा कमी करायला.