फसणाऱ्या माणसाची माया

सोमवार, रात्री

भाचीला सुट्टीत बघायला विनोदी चित्रपटांची यादी हवी आहे. नुसते नवे चालणार नाहीत म्हणाली, मागे मागे जात प्रत्येक दशकातला निदान एक तरी हवा. जेवणं उरकल्यावर वही घेऊन बसले. नावं सुचायला वेळ लागला नाही, पण लिहिलेली नावं पुन्हा वाचली आणि पेन तसंच हातात राहिलं. यातल्या जवळजवळ प्रत्येक चित्रपटात सुरुवातीला कुणीतरी एक थाप मारतं आणि पुढचा सगळा चित्रपट ती थाप निभावण्यात जातो. कुणाला नोकरी हवी असते, कुणाला राहायला खोली, कुणाला जीव वाचवायचा असतो. हे मी इतकी वर्षं पाहत आले, पण एका ओळीत मांडून कधी बघितलं नव्हतं.

थापाड्यांचे चित्रपट काय थोडे आहेत? त्यातले कितीतरी मला मुळीच आवडत नाहीत. मग हेच का आवडतात, याचा विचार करत बसले आहे. आज एवढंच.

मंगळवार

'गोलमाल' पुन्हा पाहिला. १९७९ चा, हृषीकेश मुखर्जींचा. रामप्रसादला नोकरी हवी आहे आणि भवानीशंकरना मिशी नसलेल्या माणसाचा भरवसा वाटत नाही. पुढे हॉकीचा सामना बघायला म्हणून आईचं निमित्त सांगून रजा काढली जाते, साहेब नेमके त्याला मैदानात बघतात आणि मिशी नसलेला जुळा भाऊ जन्माला येतो. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. आज मात्र मी रामप्रसाद झालेल्या अमोल पालेकरांकडे कमी आणि भवानीशंकर झालेल्या उत्पल दत्तांकडे जास्त बघत होते.

भवानीशंकर मूर्ख नाहीत. स्वतःच्या हिमतीवर कंपनी चालवणारा, तत्त्वाला धरून राहणारा माणूस आहे तो. त्यांची तत्त्वं विचित्र आहेत, पण त्यांच्या दृष्टीने त्यांत काही खोट नाही. रामप्रसादवर त्यांचा जीव जडतो, तिथून खरी पंचाईत सुरू होते. ते नुसते कडक साहेब राहिले असते तर थाप पगाराच्या दिवसापर्यंत सहज टिकली असती. पण त्यांना रामप्रसादच्या आईला भेटायचं आहे, म्हणून आई आणावी लागते. पुढे तर त्यांना आपली मुलगी रामप्रसादलाच द्यायची आहे आणि मुलीला हवा आहे तो खोटा जुळा भाऊ, लक्ष्मणप्रसाद. प्रत्येक नवी थाप भवानीशंकरांच्या प्रेमामुळे मारावी लागते. चित्रपटाचं इंजिन तिथे आहे.

आणि शेवट किती न्यायाचा! ज्या माणसाने आयुष्यभर मिशीवरून माणसं पारखली, तोच शेवटी मिशी काढून सगळ्यांबरोबर फोटोत उभा राहतो. फसवलं गेलेल्या माणसाला इतक्या सन्मानाने कुटुंबात बसवणारा दुसरा विनोदी चित्रपट हिंदीत चटकन आठवत नाही.

त्याच दिग्दर्शकाचा १९७५ चा 'चुपके चुपके'ही यादीत घेतला आहे, पण तो वेगळ्या जातीचा. तिथे कुणाला कसलीच गरज नाही. वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक निव्वळ हौसेने ड्रायव्हर होतो आणि एक ओमप्रकाश सोडले तर बहुतेक सगळं घर कटात सामील असतं. बघायला फार गोड आहे, संवाद लाजवाब आहेत, तरी 'गोलमाल' बघताना पोटात जो गोळा येतो तो इथे येत नाही. थाप उघडी पडली तर कुणाचं काय बिघडणार आहे?

बुधवार, उशिरा

'अशी ही बनवाबनवी' यादीत असणार हे वेगळं सांगायला नको. १९८८. सचिन पिळगांवकरांचं दिग्दर्शन, वसंत सबनीसांचं लेखन. मूळ कथा हृषीकेश मुखर्जींच्याच १९६६ च्या 'बीवी और मकान'ची, म्हणजे पुन्हा तेच नाव समोर आलं. पण मराठीत ती गोष्ट अशी काही रुजली की मूळ हिंदी चित्रपट आज फारच थोड्यांना आठवतो.

सत्तर रुपये वारल्याचा प्रसंग, 'धनंजय माने इथेच राहतात का?' ही हाक, 'हा माझा बायको' म्हणताना अशोक सराफांची उडालेली तारांबळ, हे सगळं आपल्या बोलण्यात इतकं मुरलं आहे की चित्रपट न पाहिलेली मुलंसुद्धा ते म्हणतात. त्यावर मी नव्याने काय लिहिणार? आज माझं लक्ष लीलाबाई काळभोरांवर होतं.

घर फक्त जोडप्यालाच देणार, ही त्यांची अट. चार पोरांना छप्पर हवं आहे, म्हणून परशुरामची पार्वती होते आणि सुधीरची सुधा. अट घालणारी बाई खाष्ट असती तर चित्रपट अर्ध्यातच कोरडा पडला असता. नयनताराबाईंनी मात्र एकटी राहणारी, माणसांना आसुसलेली बाई उभी केली. घरात दोन सुना आल्यासारखं त्यांना वाटतं. पार्वतीला दिवस गेले असं कळल्यावर त्या डोहाळे पुरवायला निघतात. 'कुणी तरी येणार येणार गं' हे गाणं ऐकताना आपण हसून बेजार होतो, कारण साडीत लक्ष्मीकांत बेर्डे बसलेले असतात. पण लीलाबाईंच्या बाजूने बघितलं तर ते खरोखरचं डोहाळजेवण आहे. त्यांचा आनंद शंभर नंबरी आहे. एकाच गाण्यात एका बाजूला पूर्ण खोटं आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण खरं. म्हणूनच ते गाणं इतक्या वेळा बघूनही शिळं होत नाही.

आता मला माझं मोजमाप सापडलं असं वाटतंय. थापेच्या चित्रपटात थाप मारणारा किती हुशार आहे हे मी बघतच नाही. जो फसतोय त्याला लेखकाने कसं वागवलंय, हे बघते. त्याची माया जितकी खरी, तितकी थाप अवघड होत जाते आणि हसू तितकं वाढतं. जिथे फसणारा माणूस बहिरा, तोतरा किंवा नुसता बावळट दाखवून त्याच्यावर हशे वसूल केलेत, ते सगळे चित्रपट मी आज यादीतून खोडले. त्यात काही फार गाजलेले आहेत आणि त्यांचं नाव न दिसल्यावर भाची नक्की विचारणार आहे. विचारू दे.

गुरुवार

जुन्यांकडे वळले. 'सिटी लाइट्स', १९३१. बोलपट येऊन काही वर्षं झाली होती, तरी चॅप्लिनने हा मूकच ठेवला आणि संगीत स्वतः रचलं. आंधळी फुलवाली भणंग ट्रॅम्पला श्रीमंत समजते आणि तो तिचा समज मोडत नाही. इथे थाप मारलेली नसते, ती ओढवलेली असते. पण हा गैरसमज व्हावा कसा? चॅप्लिन त्या एका प्रसंगावर अडून बसला होता आणि त्याने तो शेकडो वेळा चित्रित केला. शेवटी सापडलेली युक्ती अशी: गर्दीत अडकलेला ट्रॅम्प रस्ता ओलांडण्यासाठी उभ्या असलेल्या मोटारीत एका दाराने शिरून दुसऱ्या दाराने बाहेर पडतो. दार बंद झाल्याचा आवाज फुलवालीला ऐकू येतो आणि तिला वाटतं, मोटारीतून साहेब उतरले. मूकपटातला सगळ्यात महत्त्वाचा आवाज! प्रेक्षकाला तो ऐकू येत नाही, तरी कळतो. विनोदी चित्रपट लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग थांबून थांबून बघावा असं मला फार वाटतं.

त्यानंतर तो श्रीमंतीची थाप निभावण्यासाठी काय काय करतो! रस्ते झाडतो, मुष्टियुद्धात उतरतो. मुष्टियुद्धाच्या प्रसंगात पंचाच्या मागे लपत तिघांचा नाच जुळतो, तो आज बघतानाही मी एकटीच मोठमोठ्याने हसत होते. त्याच वेळी डोक्यात हेही असतं की हे पैसे तिच्यासाठी हवे आहेत.

त्याच दशकातला मराठी चित्रपट म्हणून 'ब्रह्मचारी', १९३८. आचार्य अत्र्यांचं लेखन, मास्टर विनायकांचं दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिकाही त्यांचीच. इथे नायक औदुंबर दुसऱ्या कुणाला फसवत नाही. भाषण ऐकून भारावतो, ब्रह्मचर्याचं व्रत घेतो आणि मग मीनाक्षी शिरोडकरांची किशोरी समोर आल्यावर स्वतःच स्वतःला थापा मारत राहतो. फसवणारा आणि फसणारा एकच. त्या काळी मराठी पडद्यावर इतकी मोकळी थट्टा झाली याचा मला अभिमान वाटतो.

चाळीसच्या दशकातला अर्न्स्ट लुबिशचा 'टू बी ऑर नॉट टू बी', १९४२. जर्मन फौजांनी व्यापलेल्या वॉर्सामधली नाटकमंडळी नाझी अधिकाऱ्यांची सोंगं घेतात. शत्रूला फसवायचं असल्यामुळे मायेचा प्रश्नच नाही, माझं मोजमाप इथे लागू पडत नाही. तरी तो यादीतून काढवत नाही. जीव टांगणीला लागलेला असतानाही नटाला स्वतःची तारीफ ऐकायचीच असते आणि तो सोंगातच स्वतःचंच नाव घेत 'तो महान नट तुरा तुम्हाला माहीत असेल ना?' असं विचारून बघतो! युद्ध चालू असताना हा चित्रपट निघाला, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

शुक्रवार

'सम लाइक इट हॉट', १९५९, बिली वाइल्डर. दोन वादक शिकागोमध्ये टोळीवाल्यांनी केलेलं हत्याकांड बघतात आणि जीव वाचवायला बायकांच्या वाद्यवृंदात बाई बनून शिरतात. मेकअप रंगीत फिल्मवर हिरवट दिसत होता, म्हणून चित्रपट कृष्णधवल झाला. मला त्याहून आवडते ती माराकासची, म्हणजे खुळखुळ्यासारख्या वाद्याची गोष्ट. दोघांपैकी एक, जॅक लेमन, आपलं लग्न ठरल्याचं आनंदाने सांगतो, त्या प्रसंगात वाइल्डरने त्याच्या हातात माराकास दिले. प्रत्येक वाक्यानंतर त्याने ते वाजवत नाचायचं. कारण? प्रेक्षक हसत असतील तर पुढचं वाक्य त्या हशात बुडेल, म्हणून मध्ये जागा हवी. प्रेक्षकांच्या हसण्यासाठी आधीच जागा राखून ठेवणारा दिग्दर्शक! मी तो प्रसंग एकटीने बघते तेव्हाही तेवढी जागा मला बरोबर पुरते.

आणि शेवटचं वाक्य. मोटारबोटीत, लेमनला बाई समजून त्याच्याशी लग्न करायला निघालेल्या ऑसगुडला एकेक कारण सांगितलं जातं, लग्न का होऊ शकत नाही ते. तो प्रत्येक कारण हसून बाजूला सारतो. अखेर विग काढून 'अहो, मी पुरुष आहे' म्हटल्यावरही तो शांतपणे म्हणतो की कुणीच परिपूर्ण नसतं. फसलेल्या माणसानेच चित्रपट जिंकून नेला.

साठच्या दशकात 'पडोसन', १९६८. सुनील दत्त ओठ हलवतो आणि मागून किशोर कुमार गातो. आपला सगळा सिनेमा ज्या पार्श्वगायनावर उभा आहे, तीच इथे थाप म्हणून पडद्यावर आणली आहे. गाणी अप्रतिम. मेहमूदच्या पात्राच्या बोलण्यावर घेतलेले हशे मला पूर्वीइतके रुचत नाहीत, हे भाचीला सांगूनच यादीत ठेवते.

शनिवार, दुपारी

'गुड बाय, लेनिन!', २००३, वोल्फगांग बेकरचा जर्मन चित्रपट. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांतली सगळ्यात मोठी थाप. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये पूर्व बर्लिनमधल्या एका आईला हृदयविकाराचा झटका येऊन ती बेशुद्ध होते. शुद्धीवर येते तोवर बर्लिनची भिंत पडलेली असते, आणि डॉक्टर सांगतात की तिला धक्का सोसणार नाही. मग तिचा मुलगा अॅलेक्स एका फ्लॅटमध्ये अख्खा देश जिवंत ठेवतो. जुन्या बरण्या शोधून त्यांत नवी लोणची भरतो, मित्राला हाताशी धरून बातमीपत्रं बनवतो. खिडकीतून कोका-कोलाची जाहिरात दिसली तर बातमी तयार: ते पेय मूळचं पूर्व जर्मनीचंच!

मजा अशी की या चित्रपटात आईनेही एक थाप मुलांपासून वर्षानुवर्षं लपवलेली आहे. आणि शेवटच्या बातमीपत्राआधी अॅलेक्सची मैत्रीण लारा तिला खरं काय ते सांगते. अॅलेक्सला हे माहीत नसतं. तो आपली भव्य बातमी दाखवत असतो आणि आई पडद्याकडे कमी, त्याच्याकडे जास्त बघते. म्हणजे आता तीच त्याच्यासाठी फसल्याचं सोंग घेतेय. गेले काही दिवस मी जे शोधत होते ते या एका प्रसंगात सगळं आहे. हसता हसता डोळे भरून आले आणि मी चित्रपट थोडा वेळ थांबवला.

'पॅरासाइट' (२०१९) यादीत घ्यावा की नाही, यावर घुटमळले. पहिला अर्धा भाग नोकरीसाठी थापांची अशी चळत लावतो की हसू आवरत नाही, पण पावसाळी रात्री घंटा वाजते आणि मग तो विनोदी राहत नाही. तिथे फसणाऱ्यांना कुणाबद्दल माया नाही, फार तर सौजन्य आहे. कदाचित म्हणूनच थापेचा शेवट तसा होतो. भाची अजून लहान आहे. तो नंतर.

रविवार

ऐंशीच्या दशकातही दोन नावं झाली, इलाज नाही. 'बनवाबनवी'च्या शेजारी 'टूट्सी', १९८२, सिडनी पोलॅकचा. काम मिळेना म्हणून डस्टिन हॉफमनचा नट बाई बनून मालिकेत शिरतो आणि नायिकेचे विधुर वडील, लेस, त्या बाईच्या प्रेमात पडून अंगठी देतात. सोंग उतरल्यानंतर तो नट अंगठी परत करायला जातो. हा प्रसंग गाळला असता तरी गोष्ट पुरी झाली असती, नायक-नायिकेचं काय ते बघून लोक घरी गेले असते. पण फसलेल्या माणसाला तोंड दाखवल्याशिवाय लेखकांनी नायकाला पुढे सोडलं नाही. लेस रागावलेले आहेत, लाजलेलेही आहेत. ते म्हणतात, तू अजून जिवंत आहेस याचं एकच कारण, मी तुझं चुंबन घेतलं नव्हतं. मग दोघं एकत्र बिअर पितात. यादीत या नावापुढे मी भाचीसाठी लिहून ठेवलं आहे: बारमधला प्रसंग नीट बघ.