१४ सेंटीमीटरचा सूर्य

नववीच्या वर्गाला सूर्यमाला मैदानात मांडून दाखवायची होती. प्रमाण ठरवलं: १ सेंटीमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर. त्या हिशेबाने सूर्य १४ सेंटीमीटरचा. चेंडूचा व्यास पट्टीने नीट मोजता येत नाही, म्हणून दोरा गुंडाळून ४४ सेंटीमीटर घेराचा चेंडू निवडला. पृथ्वी आणि शुक्र मोहरीचे बारीक दाणे, मंगळ खसखस, बुध रव्याचा कण. गुरूला गोटी, शनीला भिजवलेला काबुली चणा, युरेनस-नेपच्यूनला मिरे. दाणे पांढऱ्या पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवावेच लागतात, नाहीतर वारा पृथ्वी घेऊन जातो.

टेप काढण्याआधी मुलांना म्हटलं, पृथ्वी अंदाजाने ठेवा. त्यांनी ती चेंडूपासून दीड मीटरवर ठेवली. चूक त्यांची नाही. पुस्तकातल्या चित्रात ग्रहांचे आकार एका प्रमाणात असतात आणि अंतरं भलत्याच. पानावर दुसरा इलाजही नसतो, पण तसं चित्राखाली लिहायला तरी हवं.

खरं अंतर १५ मीटर. गुरू ७८ मीटरवर गेला आणि मैदान संपलं. शनी १४३ मीटरवर, फाटकाबाहेर. नेपच्यूनसाठी रस्त्याने ४५० मीटर चालावं लागलं. एवढा टेप नसतो, पावलंच मोजायची. मोजताना मुलं नकळत ढांगा टाकतात आणि चूक वाढत जाते, म्हणून एकाच मुलाची २० पावलं आधी टेपवर मोजून घेतली.

मग मोहरीपाशी उभं राहून चेंडू पाहायला सांगितला, आणि सौरचष्मा लावून खरा सूर्य. (चष्म्याशिवाय सूर्याकडे कुणालाही पाहू द्यायचं नाही.) "सर, दोन्ही सारखेच दिसतायत!" डोळ्यापाशी होणारा कोन अर्धा अंश, इथेही, तिथेही. आकार आणि अंतर एकाच प्रमाणात असले, तरच हे जुळतं.

एका मुलीने विचारलं, यात प्रकाश किती वेगाने जाईल? सेकंदाला ३ सेंटीमीटर, मुंगीच्या चालीने. मुलांनी टेपवर खडा सरकवायला घेतला, दर सेकंदाला ३ सेंटीमीटर. चेंडूपासून मोहरीपर्यंत सव्वाआठ मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ कुणी जागचं हललं नाही.

शेवटी विचारलं, पुढचा तारा कुठे ठेवायचा? एसटी स्टँडपासून तालुक्यापर्यंत उत्तरं आली. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, या प्रमाणात आवळ्याएवढा, सुमारे ४,००० किलोमीटरवर. मुंबईपासून जवळजवळ सिंगापूरइतका लांब.

वर्गात परतल्यावर एकाने पुस्तकातल्या चित्राखाली पेन्सिलने लिहिलं: अंतरं प्रमाणात नाहीत.