पणजीत दोन दिवस: मासा कच्चा असतानाच तोलून घ्या

किनाऱ्यावरच्या मेन्यूत माशापुढे आकडा नसतो, "साइजप्रमाणे" एवढंच लिहिलेलं असतं. शनिवार-रविवारच्या गोव्याचं बजेट कोसळतं ते या एका शब्दावर. दारूवर नव्हे, टॅक्सीवरही नव्हे. वेटर बर्फावर मांडलेला चोणक दाखवतो, "अडीचशे" म्हणतो आणि आत जातो. ऐकणाऱ्याला वाटतं, मासा अडीचशेला. तो भाव शंभर ग्रॅमचा असतो. मासा सव्वा किलोचा भरला तर झाले तीन हजार एकशे पंचवीस, आणि हे कळेपर्यंत तो रव्यात घोळून, तळून समोर आलेला. मग भांडणार कशावर?

म्हणून ऑर्डर देण्याआधी तीन गोष्टी वदवून घ्या: भाव किलोचा की शंभर ग्रॅमचा, वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, आणि तळणी-मसाला त्यातच की वेगळा. वजन बहुतेक ठिकाणी अख्ख्या माशाचं धरतात. यात लबाडी नाही, बाजारातही तसंच असतं. पण डोकं, खवले, कल्ले, आतडी गेली की चोणक काय, तामसो काय, तिसऱ्या हिश्श्याने तरी हलका होतो. सव्वा किलोत चौघं जेवतील हा हिशोब तिथेच चुकतो, दोघं-तिघं धरा. काटा टेबलाजवळ मागवा. ट्रेसकट तोलणार असतील तर रिकामा ट्रे ठेवून आधी शून्य करायला लावा, आणि बर्फाचं पाणी निथळू द्या. निवडलेल्या माशाचा फोटो काढून ठेवा. वेटर तोंड वाकडं करेल, करू दे.

फोटो काढताना कल्ला उचलून बघा. लालभडक हवा, तपकिरी आणि बुळबुळीत असेल तर दुसरा मागा. डोळा फुगीर हवा, आणि बोटाने दाबल्यावर खळगा राहता कामा नये. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत कोणी "आजचाच इसवण" (आपली सुरमई) म्हणाला तर तो बहुधा फ्रीझरमधला असतो. रवा फ्रायमधून पाणी सुटलं आणि मांस पिठूळ लागलं की समजायचं. पावसाळ्यात नदीतला शेवटा खा, तिसऱ्या खा, नाहीतर सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे खोबरं घातलेली कोशिंबीर.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे दुपारचं जेवण किनाऱ्यावर घ्यायचंच नाही. पणजीत थाळीचा भाव ठरलेला असतो, तळलेली तुकडी वेगळी. 18 जून रस्त्यावरच्या रिट्झ क्लासिकला शनिवारी रांग लागते, तेव्हा बाराच्या ठोक्याला पोचा. आनंदाश्रम लहान आहे, सजावटीची अपेक्षा ठेवू नका, हुमणासाठी (नारळाच्या माशाच्या आमटीसाठी) जा. थाळीसोबत बांगडा मागवा. पापलेटचे पैसे नावाचे असतात, चव बांगड्याला. दुपारी तीनच्या सुमारास बहुतेक स्वयंपाकघरं बंद होतात ती थेट सातला उघडतात. चार वाजता पणजीत उतरणाऱ्यांनी 31 जानेवारी मार्गावरच्या जुन्या कॉन्फेतारियात (बेकरीत) पॅटिस खाऊन वेळ काढावा.

प्यायला फोंतेन्हास या पणजीच्या जुन्या वस्तीतला जोसेफ बार. खोली एवढीशी, लोक ग्लास घेऊन रस्त्यावर उभे असतात. अंधार पडायच्या आत गेलात तर बसायला मिळेल. फेणी, कोकम आणि सोडा घातलेली तांबडी रोझा घ्या. हुर्राक मार्च ते मे एवढीच. काजूच्या रसाचं ते पहिलं ऊर्ध्वपातन, फेणीपेक्षा बरंच सौम्य. लिम्का, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. ती टिकत नाही. सप्टेंबरात कोणी ताजी हुर्राक देतो म्हणाला तर ग्लास परत करा. आणि सौम्य आहे म्हणून भर उन्हात तीन-चार ग्लास रिचवू नका; ती चढते उशिरा, तेव्हा माणूस नेमका स्कूटरवर असतो. गाडी चालवताना अल्कोहोलची हद्द आहे 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम, आणि पहिल्याच वेळी दंड दहा हजारांचा, शिवाय कैदही होऊ शकते. पिणार असाल तर राहायची खोली पणजीतच घ्या आणि चालत जा.

बिल आलं की दोन ओळी वाचा. जीएसटी खाण्यावर लागतो, साध्या हॉटेलात 5 टक्के. दारू त्यात येत नाही, तिच्यावर व्हॅट असतो. दोन्हींची बेरीज करून त्यावर जीएसटी लावला असेल तर बिल परत करायला लावा. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. 2022 च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार तो आपोआप बिलात घालता येत नाही. "काढा" एवढंच म्हणायचं.

रविवार सकाळ कॅफे भोसलेत पातळ भाजी आणि बन्सवर (केळ्याच्या गोडसर पुऱ्यांवर) सुखात जाते. रात्रीसाठी रोस आमलेटचा गाडा शोधा. आमलेटवर शाकुतीचा (भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याचा) रस्सा ओततात. सोबतचा पाव एक जास्तच सांगा, रस्सा उरतो.