आत्याचा ट्रान्झिस्टर, न फोडता

आत्याने तिचा जुना ट्रान्झिस्टर मला दिला तो एका अटीवर: रेडिओ रेडिओच राहिला पाहिजे. मला त्यातून फोनवरचं संगीत ऐकायचं होतं. सगळे सुचवत होते की आतलं काढून टाक आणि रिकाम्या पेटीत तयार ॲम्प्लिफायर बसव. मला ते पटेना, कारण जुन्या रेडिओत ॲम्प्लिफायर असतोच. स्टेशन पकडणारा भाग वेगळा, आवाज मोठा करणारा वेगळा, आणि दोघांच्या मधोमध व्हॉल्यूमचं बटण. बाहेरचं संगीत आत सोडायचं ते तिथेच.

आधी रेडिओ चालता करायला हवा होता. सेल पाझरून खणातल्या पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या, त्या पॉलिश पेपरने घासल्या. धूळ मऊ ब्रशने काढली; फेराइट रॉडवरची, म्हणजे आतल्या अँटेनाच्या दांडीवरची, तार केसासारखी बारीक, तिथे ब्रश नेलाच नाही. स्पीकरच्या कागदाला बोटभर चीर होती, तिच्यावर टिश्यू पेपरची पट्टी गोंदाने चिकटवून रात्रभर वाळू दिली. बटणाची खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने गेली. दोन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकले होते, तेही बदलले. बदलताना त्यांचं धन टोक चासीकडे, म्हणजे सगळ्या सर्किटच्या सामाईक जोडणीकडे, आहे हे मी पाहिलं, जसंच्या तसं जोडलं आणि पुढे गेलो. तिथे थांबून विचार करायला हवा होता.

कारण पुढे ब्लूटूथ मॉड्यूल, म्हणजे फोनवरचं संगीत बिनतारी पकडणारी छोटी पट्टी, जोडताना तेच भोवलं. रेडिओच्याच चार सेलमधून, म्हणजे ६ व्होल्टमधून, ५ व्होल्ट करून मॉड्यूलला दिले. आवाजाच्या वायरची ग्राउंड (सामाईक) बाजू चासीला लावली आणि वायर चटका बसेल इतकी तापली. घाईघाईने सेल काढले, मल्टिमीटर लावला, तेव्हा उलगडा झाला. हा संच जर्मेनियमच्या, पीएनपी प्रकारच्या जुन्या ट्रान्झिस्टरचा. अशा संचांत बहुतेक वेळा बॅटरीचं धन टोक चासीला जोडलेलं असतं. आजच्या मॉड्यूलचं ग्राउंड मात्र ऋण. दोन्ही ग्राउंड जोडून मी बॅटरीच शॉर्ट केली होती.

उपाय साधा निघाला. मॉड्यूलला त्याचा स्वतंत्र ३.७ व्होल्टचा लिथियम सेल दिला, सोबत संरक्षण असलेली टीपी ४०५६ची चार्जिंग पट्टी. आता दोन्ही बॅटऱ्यांचा संबंध फक्त आवाजाच्या ग्राउंडपुरता, त्यामुळे चासी धन असली तरी बिघडत नाही.

डावा आणि उजवा आवाज थेट एकत्र पिळायचे नाहीत, नाहीतर एका बाजूचा ॲम्प्लिफायर दुसऱ्यावर भार टाकतो. दोन्हीकडे १ किलोओहमचा रेझिस्टर लावून मग जोडले. तरी आवाज फाटत होता. डिटेक्टरकडून, म्हणजे स्टेशनच्या लहरीतून आवाज वेगळा काढणाऱ्या भागाकडून, येणारा सिग्नल फार बारीक असतो, मॉड्यूलचा त्याच्या कितीतरी पट. पुढे ४७ किलोओहमचा रेझिस्टर घातला. व्हॉल्यूमचं बटण ५ किलोओहमचं असल्याने सिग्नल जवळजवळ दहाव्या भागावर आला आणि गाणं स्वच्छ झालं. वाटेत १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही ठेवला, डीसी (एकाच दिशेचा स्थिर प्रवाह) अडवायला. डाख देताना ट्रान्झिस्टरच्या जवळ गेलोच नाही. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही.

इथे एक कळकळीची सूचना. तुमचा रेडिओ व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांचा) आणि थेट घरातल्या विजेवर चालणारा असेल, तर यातलं काहीही करू नका. अशा काही संचांत ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चासीलाच मेन्सची वीज असू शकते. त्याला फोनची वायर जोडणं जिवावर बेतेल.

शेवटचा त्रास मॉड्यूलचाच होता. ते चालू असलं की मीडियम वेव्हवर शिट्टी वाजायची. म्हणून मागच्या बाजूला दोन पोलचा खटका बसवला. एक पोल व्हॉल्यूमच्या बटणाला डिटेक्टर किंवा मॉड्यूल जोडतो, दुसरा मॉड्यूलची वीज तोडतो. त्यासाठी पेटीला भोक पाडावं लागलं नाही, जुन्या इअरफोनच्या जागेतच तो बसला.

खोल बास त्या छोट्या स्पीकरला झेपत नाही, पण गाणाऱ्याचा आवाज अगदी समोर बसल्यासारखा येतो. आत्याने दोन गाणी शांतपणे ऐकली, मग हात मागे नेऊन खटका फिरवला आणि काटा सरकवत तिचं नेहमीचं स्टेशन शोधू लागली. ते लागलं.