झिबिब्बो द्राक्षाची वाइन चाखायला पांतेल्लेरिया बेटावर जाताय?

मग ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला जा. तेव्हा घड उन्हात वाळत पडलेले असतात आणि खरी गंमत तीच आहे.

हे बेट इटलीचं, पण सिसिलीपेक्षा ट्युनिशियाला जवळ. सिसिलीतल्या त्रापानीहून बोट आहे. पालेर्मो आणि त्रापानीहून छोटी विमानंही आहेत. वाऱ्याचा मात्र नेम नाही. आमची परतीची बोट वाऱ्यापायी रद्द झाली. भारताच्या विमानाआधी एखादा दिवस मोकळा ठेवाच. बेटावर गाडी भाड्याने घ्या, रस्ते अरुंद आहेत तेव्हा लहानातली लहान. वाळूचा किनारा शोधू नका, सगळा काळा ज्वालामुखी खडक आहे.

झिबिब्बो म्हणजे मस्कट ऑफ अलेक्झांड्रिया ही द्राक्षाची जात. मांडव, तारा काही नाही. प्रत्येक वेल उथळ खड्ड्यात बुटकी वाढवलेली, म्हणजे वारा डोक्यावरून जातो आणि ओल मुळाशी टिकते. छाटणी, तोडणी सगळी वाकून, हाताने. या लागवडपद्धतीला २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत जागा मिळाली. दगडी बांधांमधून थोडं चालून बघा; कंबर आपोआप दुखायला लागते.

चाखताना क्रम महत्त्वाचा: आधी कोरडी, म्हणजे बिनगोड वाइन, मग गोड. कोरडी झिबिब्बो नाकाला फसवते. संत्र्याची फुलं, गुलाब असा वास येतो, जीभ गोडाची वाट बघते आणि येते ती आंबटसर, किंचित खारट चव. साखर सगळी आंबून गेलेली असते. वास लिनालूल, जेरॅनिऑलसारख्या द्रव्यांचा असतो, ती उरतात. माझं मत विचाराल तर दुपारच्या जेवणाला हीच. सोबत बटाटा, टोमॅटो, कांदा आणि बेटावरच्या केपर्सचं (खारवलेल्या कळ्यांचं) सॅलड घ्या. शाकाहारी असाल तर मासा घातलाय का, हे आधी विचारा. रिकोटा चीज-पुदिना भरलेला पास्ता, म्हणजे राव्हिओली, बिनधास्त मागवा.

पासितो, म्हणजे वाळवलेल्या द्राक्षांची गोड वाइन, हे वेगळंच प्रकरण. ऑगस्टात तोडलेले घड तीन-चार आठवडे थेट उन्हात वाळवतात, रात्री झाकून ठेवतात. तासगावकडच्या शेडमधला सावलीतला बेदाणा पाहिलेल्याला हे धाडसच वाटेल. मग उशिरा तोडलेल्या ताज्या द्राक्षांचा रस आंबत असताना त्यात देठ काढलेले वाळके मणी थोडे थोडे टाकतात. म्हणून एकाच घोटात जर्दाळू, मधही आणि ताजं द्राक्षही. थंड करून, लहान पेल्यात, सावकाश. दुसरा पेला मला जड गेला. मोस्कातो दि पांतेल्लेरिया ही इथली दुसरी वाइनसुद्धा गोडच, पण पासितोइतकी दाट नाही.

लेबलवर 'लिकोरोझो' दिसलं तर त्यात वरून अल्कोहोल घातलेलं असतं. स्वस्त पडते, वाईटही नसते, पण वाळवणाचा तो खेळ पाहून आल्यावर मी तरी ती घेतली नाही.

वाइनरीला आधी ईमेल करा. तोडणीच्या दिवसांत दारात उभं राहून कुणी वेळ देईलच असं नाही. पासितोची ३७५ मिलीची अर्धी बाटली बहुतेक ठिकाणी मिळते, ती चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळा. भारतात माणशी दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे अशा पाच बाटल्या आरामात बसतात.