माथेरानच्या डिझेल इंजिनाचं मॉडेल बनवताना

मामाचं घर नेरळला, जिथून माथेरानची छोटी गाडी सुटते तिथे, त्यामुळे माथेरानची गाडी ही माझ्यासाठी सहलीची गोष्ट कधीच नव्हती. मामाकडे राहायला गेलो की सकाळी अंथरुणातच तिचा भोंगा ऐकू यायचा. मोठं होताना रेल्वेचं वेड राहिलं, नोकरी दुसरीकडेच लागली, आणि शेवटी चाळिशीनंतर ठरवलं की त्या जुन्या डिझेल इंजिनाचं चालतं मॉडेल स्वतःच्या हाताने करायचं. विकतचा किट नाही, एकेक तुकडा आपण कापून. चौदा महिने लागले. कोणी हे करायच्या विचारात असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून सगळं लिहून काढतोय.

इंजिन एनडीएम-१. एन म्हणजे दोन फुटी नॅरोगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे मिक्स्ड, म्हणजे प्रवासी आणि माल दोन्हींसाठी. (अडीच फुटी असेल तर एनच्या जागी झेड येतो, म्हणून कालका-शिमल्याची इंजिनं झेडडीएम.) १९५० च्या दशकात जर्मनीच्या युंग कंपनीने बनवलेलं. याची खासियत म्हणजे हे एक इंजिन नाहीच, दोन छोटी इंजिनं पाठीला पाठ लावून जोडलीत, दोन्ही टोकांना बॉनेट, मधे केबिन, आणि वळणावर ते मधोमध मोडतं, म्हणजे दुमडतं. लहानपणी मला ते फक्त गमतीदार वाटायचं. ते तसं का आहे हे मात्र मला मॉडेल करताना कळलं, पुस्तकातून नाही.

आधी स्केल, म्हणजे खऱ्या इंजिनाच्या कितव्या हिश्शाचं मॉडेल करायचं ते. इथे मी जवळजवळ महिना घालवला आणि तो वाया गेला असं मला अजिबात वाटत नाही. दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर. ९ मिमीची छोटी पटरी घेऊन १:७६ मधे करायचं हा सगळ्यात रुळलेला मार्ग, पण ६१० ला ७६ ने भागलं की ८ मिमी येतात, म्हणजे पटरी एक मिलिमीटर जास्त रुंद, आणि आठात एक म्हणजे डोळ्याला लगेच दिसतं, इंजिन पाय फाकवून उभं राहिल्यासारखं वाटतं. १६.५ मिमीची एचओ (मॉडेल रेल्वेतलं एक प्रचलित माप) पटरी घेतली आणि स्केल १:३५ धरलं तर हवेत साडेसतरा, मिळतात साडेसोळा, फरक तोच एक मिलिमीटर पण सतरात एक. शिवाय १:३५ हे रणगाड्यांच्या प्लास्टिक मॉडेलचं स्केल, त्यामुळे माणसं, डबे, पिंपं असली सामग्री मिळते, आणि माझ्या डोळ्यांना चष्मा लागलाय तेव्हा मोठं स्केल बरंच.

मग मोजमापं. ड्रॉइंग माझ्याकडे नव्हतं. काही वर्षांपूर्वी नेरळला एक इंजिन बाजूच्या लाईनवर उभं होतं तेव्हा तिथल्या एका कर्मचाऱ्याला विचारलं, "काका, इंजिनाला ही पट्टी लावून दोन-चार फोटो काढू का?" पट्टी म्हणजे लाकडाची, दर अर्ध्या फुटाला काळा-पांढरा रंग मारलेली, घरून करून नेली होती. ते म्हणाले, "काढ की, पण हात नको लावू कुठे, आणि आटप लवकर." वर स्वतःच पट्टी धरून उभे राहिले. त्या फोटोंवर सगळं मॉडेल उभं आहे. फोटो शक्य तितका लांबून झूम करून आणि अगदी समोरून काढायचा, जवळून काढला की कडा तिरक्या होतात आणि टोकाची मापं चुकतात. प्रिंट काढून पट्टीवरून एक फूट म्हणजे किती मिमी ते काढलं, आणि ग्राफपेपरवर साईडचं, पुढचं, वरचं अशी तीन चित्रं. एक फूट म्हणजे मॉडेलमधे ८.७ मिमी, हा आकडा आता झोपेतही आठवतो.

चासी पितळी पट्टीची केली, दीड मिमी जाडीची. दोन अर्ध्यांच्या चार बाजूच्या पट्ट्या एकावर एक ठेवून डाग मारून चिकटवल्या, एकदमच भोकं पाडली आणि मग गरम करून सुट्या केल्या. असं केलं तरच सगळे अ‍ॅक्सल एका ओळीत येतात, वेगवेगळी भोकं पाडून कितीही मोजा, अर्धा मिमी कुठेतरी जातोच. चाकं लेथवाल्या चाचांकडून करून घेतली, पितळेची, १६ मिमी व्यासाची. त्यांना एवढंसं काम आवडलं नसणार असं मला वाटलं होतं पण त्यांनी पहिलं चाक हातात देऊन विचारलं, "कॉलर एवढी पुरे ना बेटा, घसरणार तर नाही?" आणि माझ्या हो-नाहीची वाट न बघता पटरीचा तुकडा मागून घेतला आणि स्वतः फिरवून बघितलं.

एक चूक इथे झाली ती सांगतो. मला वीज पटरीतून घ्यायची होती, आणि पितळी चाकं लोखंडी अ‍ॅक्सलवर सरळ ठोकली की डावी पटरी आणि उजवी पटरी अ‍ॅक्सलमधूनच जोडली जातात, म्हणजे सरळ शॉर्ट. पहिल्यांदा पटरीवर ठेवलं तेव्हा पॉवर सप्लायचा लाल दिवा लागला आणि माझ्या लक्षातच येईना. मग प्रत्येक अ‍ॅक्सलवरचं एक चाक परत चाचांकडे, मधलं भोक मोठं करून डेलरिनचा (वीज न वाहणारं कडक प्लास्टिक) बुश बसवून आणलं.

मोटरसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो. रोबोटिक्सवाल्यांकडे एन-२० नावाची बारकी गिअर मोटर मिळते, १२ मिमी रुंद, ती १६.५ च्या चाकांमधे आडव्या बाजूने बरोबर मावते. किती आरपीएमची घ्यायची हे हिशोबाने काढता येतं. माथेरान लाईनवर वेगमर्यादा ताशी २० किलोमीटर, ३५ ने भागलं की मॉडेलला सेकंदाला साधारण १६ सेंटिमीटर जायचंय. १६ मिमी चाकाचा घेर ५० मिमी, म्हणजे सेकंदाला तीन फेऱ्या आणि थोडं वर, म्हणजे मिनिटाला १९० च्या आसपास. १२ व्होल्ट २०० आरपीएम मोटर तयारच मिळते. बाजारात खेळण्यातली इंजिनं भन्नाट पळतात ते मला बघवत नाही, ही गाडी डोंगर चढते, तिने चढल्यासारखं दिसायला पाहिजे.

दोन अर्धे म्हणजे दोन मोटरी. एकाच पाकिटातल्या मोटरी सारख्या फिरतील असं समजू नका. सहा आणल्या, शाफ्टला कागदाचा झेंडा चिकटवून मोबाईलवर स्लो मोशनमधे फेऱ्या मोजल्या, सगळ्यात जवळच्या निघाल्या १९६ आणि १९९ त्या दोन ठेवल्या. बाकीच्या डब्यात आहेत. आणि पाठीला पाठ असल्यामुळे एका मोटरच्या वायरी उलट जोडायच्या, हे विसरलो तर दोन्ही अर्धे एकमेकांपासून लांब पळायला बघतात, माझे तसे पळाले आणि मधला स्क्रू वाकला. मोटरकडून अ‍ॅक्सलला बेव्हल गिअर (फिरणं काटकोनात वळवणारा), तिथून दुसऱ्या अ‍ॅक्सलला मधे एक आयडलर गिअर, म्हणजे दोन्ही अ‍ॅक्सल एकाच दिशेने फिरवणारा मधला गिअर, घालून. आधी रबरी ओ-रिंग लावली होती ती चढावर घसरायची.

आता मधला जोड, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. माथेरानची लाईन १९०७ ची, आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेली, २१ किलोमीटरची, चढ २० ला १, आणि डोंगराला वळसे घालत घालत जाणारी. वळणं इतकी आवळलेली की वाफेच्या काळात तिथे ओरेन्स्टाईन अँड कोपेलची जी इंजिनं होती त्यांचे टोकाचे अ‍ॅक्सलसुद्धा आडवे सरकतील असे केलेले होते. म्हणजे वळणाचा प्रश्न पहिल्यापासून होता, उत्तरं बदलत गेली. मी मात्र पहिल्या प्रयत्नात केबिनच्या फ्लोअरखाली सरळ एक स्क्रू आणि दोन पट्ट्या, झालं, असं केलं. सपाट फळीवर ३० सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर मस्त फिरलं. फळीच्या एका टोकाखाली पुस्तकं घालून मीटरला ५ सेंटिमीटर चढ केला आणि सपाटीवरून चढाला लागताना पुढच्या अर्ध्याची जोडाजवळची चाकं हवेत! जोड डावीकडे-उजवीकडे मोडत होता पण वर-खाली मोडत नव्हता. डोंगरावर जाणारं इंजिन दोन्हीकडे मोडायला हवं हे मला तिथे, त्या फळीवर, जमिनीला गाल लावून बघताना समजलं. पटरी वळते आणि त्याच वेळी चढते, एकेकटं असं काहीच होत नाही.

मग स्क्रूऐवजी एका अर्ध्याला गोल डोक्याची पिन आणि दुसऱ्याला तिच्यापेक्षा मोठं लांबट भोक, मधे पातळ स्प्रिंग. हे तीन वेळा केलं. शिवाय प्रत्येक अर्ध्यातला एक अ‍ॅक्सल थोडा डुलता ठेवला, मधोमध टेकू आणि दोन्ही बाजूची भोकं कानशीने उभी लांबट केलेली, कारण चार चाकं कडक बसवली की एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखं होतं आणि ज्या चाकाला पटरी लागत नाही तिथे करंटही तुटतो.

एवढं करूनही डाव्या वळणावर घसरायचंच, उजव्या वळणावर नाही. आठ दिवस मी चाकं तपासली, पटरी तपासली, लेव्हल लावली. कारण निघालं वायर. दोन अर्ध्यांना जोडणारी वायर जाड होती, ती एका बाजूने जात होती आणि वळणावर स्प्रिंगसारखी ढकलत होती. जुन्या इअरफोनची केसासारखी वायर काढली, सैल लूप देऊन मधोमध पिनच्या वरून नेली, त्यानंतर आजपर्यंत एकदाही घसरलं नाही. ज्यांचं दुहेरी मॉडेल एकाच बाजूला घसरतं त्यांनी आधी वायर बघा, चाकं नंतर.

बॉडीचं थोडक्यात सांगतो. स्टायरीन या प्लास्टिकची शीट, १ मिमीची आणि वरून अर्ध्या मिमीची. रिव्हेट मागच्या बाजूने बोथट सुईने दाबून, एकेक, पट्टी लावून, रात्री पाऊण तास यापेक्षा जास्त बसलो की ओळ वाकडी व्हायची. दोन शीट एकमेकांवर चिकटवल्या की आतला थिनर बाहेर पडायला आतल्या शीटला बारीक भोकं ठेवा, माझं एक बॉनेट महिन्याभराने हळूहळू फुगलं आणि टाकून द्यावं लागलं. केबिनच्या दोन भागांमधली फट वळणावर उघडते आणि आरपार दिसतं, म्हणून आतून छत्रीच्या काळ्या कापडाची घडीची पट्टी लावली. वजनासाठी टायर बॅलन्सिंगवाल्याकडचे चिकटणारे तुकडे, दोन्ही बॉनेटमधे सारखे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर शेवटचं वजन ४३० ग्रॅम.

रंग मी जुलैत मारला, ते करू नका. बदलापूरचा पाऊस, हवेत पाणीच पाणी, स्प्रेचा निळा रंग वाळताना पांढुरका धुरकट झाला. हताश झालो होतो, पण दिवाळीनंतर कोरड्या हवेत नुसत्या थिनरचा हलका हात मारला आणि बराचसा परत खुलला, उरलं ते घासून पुन्हा रंगवलं.

डिसेंबरमधल्या एका रविवारी रात्री पूर्ण फळी लावली, वळण, मग चढ, मग चढावरच वळण. मागे तीन डबे, अजून नुसत्या पुठ्ठ्याचे, आत नटबोल्ट भरून वजन केलेले. मुलगी मोबाईल धरून चढावर खाली झोपली होती. नऊ व्होल्टला निघालं, चढाला लागल्यावर आवाज जरा जड झाला, मी बारापर्यंत नेलं. वळणावर इंजिन मधोमध मोडलं, आधी पुढचा अर्धा आत वळला आणि वर उचलला, मग पाठोपाठ मागचा, आणि आठही चाकं पटरीला लागलेली.

"बाबा, हे दोन माणसांसारखं चाललंय," ती म्हणाली. "एकानं हात धरलाय दुसऱ्याचा."

मामा आता ऐंशीचा आहे, त्याला व्हिडिओ पाठवला तर त्याने उलट फोन करून पहिलं विचारलं की भोंगा कुठाय. भोंगा नाहीये. बॉनेटमधे वजनाच्या मागे अठरा मिमीची जागा शिल्लक आहे, त्यात मावेल असा स्पीकर शोधतोय.