सीटीएक्स 'लो' आलं म्हणून घाबरू नका

ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराची ट्रीटमेंट चालू असताना डॉक्टर कधीकधी सीटीएक्स आणि पी वन एनपी अशा दोन रक्ताच्या टेस्ट लिहून देतात, आणि रिपोर्ट हातात आला की खरा गोंधळ सुरू होतो. आमच्या विश्रामबागेतल्या एका काकूंना गेल्या वर्षी हाडांची झीज रोखणाऱ्या झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं सलाईन दिलं होतं, परवा त्यांचा सीटीएक्स आला, पुढं ठळक अक्षरात 'लो'. झालं, हाडं अजून कमी झाली म्हणून बिचाऱ्या रात्रभर जाग्या. खरं तर त्या औषधाचं कामच सीटीएक्स खाली आणणं आहे हो! हे कुणीतरी दोन मिनिटं बसून सांगायला पाहिजे होतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

आपलं हाड आयुष्यभर थोडंथोडं झिजत असतं आणि थोडंथोडं नवीन भरत असतं. काही पेशी जुनं हाड कुरतडतात, तेव्हा त्यातल्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तुकडे रक्तात येतात, ते मोजायचं म्हणजे सीटीएक्स. नवीन हाडासाठी कोलॅजन तयार होताना जो तुकडा सुटा होतो तो पी वन एनपी. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि कुरतडणं भरण्याच्या पुढं पळतं, बायकांचा त्रास तिथूनच सुरू होतो.

आता कुणी म्हणेल हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन आहे की. आहे, आणि रोग आहे का नाही ते बहुतेक वेळा त्यावरच ठरतं, टी-स्कोर (आपलं हाड तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत कुठं आहे तो आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली आला तर. सीटीएक्स, पी वन एनपी या मार्करवरून ऑस्टिओपोरोसिसचं निदान होत नाही. पण डेक्सामध्ये फरक दिसायला वर्ष-दोन वर्षं लागतात, आणि गोळी लागू पडतेय का ते मला एवढं थांबून कळणार असेल तर काय उपयोग? सीटीएक्स तीन महिन्यांत सांगतो. मी आठवड्याला अ‍ॅलेन्ड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची, हाडाचं कुरतडणं कमी करणारी गोळी घेते, रविवारी उठल्या उठल्या ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही, मी अंगणात फेऱ्या मारत बसते. ही गोळी पोटातून अंगात जातेच मुळात अगदी थोडी, त्यात चहा-दूध आलं की तेवढीही जात नाही. सुरू करायच्या आधी माझा सीटीएक्स ६१२ पिकोग्रॅम होता, नंतर २१० आला. तो आकडा बघून मला जेवढं बरं वाटलं तेवढं डेक्साने कधी वाटलं नाही, रविवारची ती तपश्चर्या कामी येतेय हे कळलं ना.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रक्त कधी दिलं. सीटीएक्स पहाटेच्या सुमाराला जास्त असतो, दुपारी उतरतो, आणि खाल्लं की आणखी उतरतो. म्हणजे एकदा पोहे खाऊन अकराला रक्त दिलं आणि पुढच्या वेळी उपाशीपोटी आठला दिलं, तर दुसरा आकडा वाढलेला दिसणारच, त्यात औषधाचा काय दोष? म्हणून रात्रीचं जेवण झाल्यावर काही नाही, सकाळी लवकर, दरवेळी त्याच लॅबमध्ये. पी वन एनपीला खाण्याचा विशेष फरक पडत नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना सांगा, काही मशीनवर त्याने आकडा चुकतो. किडनीचा त्रास असेल किंवा गेल्या काही महिन्यांत हाड मोडलं असेल तरी सांगा, त्यानेही मार्कर वाढतात. आणि दहा टक्के इकडंतिकडं झालं तर ते मनावर घेऊ नका, तेवढं असंच हलतं.

टेरिपॅराटाइडची रोजची इंजेक्शनं चालू असतील तर हिशोब उलटा, तिथं पी वन एनपी वाढायला पाहिजे, कारण ते औषध हाड भरायचं काम करतं. शेजारणीचा रिपोर्ट आपल्याशेजारी ठेवून बघण्यात म्हणूनच अर्थ नाही.

त्या काकूंनी पुढं विचारलं, एवढं कमी आलंय तर आता बंद करू का? त्यांचं सलाईन वर्षातून एकदाचं, त्याचा असर औषध थांबवल्यावरही बराच काळ राहतो, पुढचं कधी ते त्यांचे डॉक्टर ठरवतील. पण डेनोसुमॅब हे झीज रोखणारं इंजेक्शन घेणाऱ्यांनी हे मनातसुद्धा आणू नका. ते दर सहा महिन्यांनी घ्यायचंच, चुकलं की सीटीएक्स उसळून आधीपेक्षाही वर जातो आणि मणक्यांना एकापाठोपाठ एक फ्रॅक्चर होऊ शकतात. घरात लग्न असो नाहीतर दिवाळी, त्या इंजेक्शनची तारीख आधी कॅलेंडरवर लिहा आणि बंद करायचंच असेल तर त्याजागी दुसरं कुठलं औषध ते डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्या.